शिडाच्या बोटीवर स्वतःचा डाइव्ह कॉम्प्रेसर: सात महिने वापरल्यावर

सात महिन्यांत पाण्याखाली श्वास घेण्यासाठीच्या हवेच्या १४० च्या आसपास टाक्या भरल्या. मागच्या डेकवर बांधलेला हा पेट्रोलवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर नसता, तर यातले निम्मे प्रवाळखडकही आम्ही पाहिले नसते.

यंत्रावर मिनिटाला १०० लिटर हवा असं लिहिलंय. आमच्या ११ लिटरच्या टाक्या ५० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) उरल्यावर वर येतात. तिथून २०० बारपर्यंत भरायला गणिताने साडेसोळा मिनिटं पुरावीत, पण वीस लागतात, कारण मध्येच थांबून पाणी सोडावं लागतं. हवा दाबली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते वेळच्या वेळी काढलं नाही तर फिल्टर लवकर निकामी होतो. उष्ण, दमट हवेत मी दर दहा मिनिटांनी व्हॉल्व्ह उघडते.

घेण्याआधी मी दाब, वजन, आवाज सगळं विचारलं. हवा कुठून ओढायची, हे मात्र विचारलं नाही आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करून राहते. म्हणून हवा ओढायची नळी पुढे डोलकाठीवर उंच बांधली आणि इंजिन मागे ठेवलं, म्हणजे धूर मागच्या मागे निघून जातो. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ओहोटी लागली, प्रवाहाने बोट फिरवली आणि मागची बाजू वाऱ्याकडे आली. धूर सरळ नळीकडे. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर वाजला म्हणून कळलं. या विषारी वायूला ना वास ना रंग. ३० मीटरवर दाब चौपट होतो, तसा त्याचा परिणामही वाढतो. त्या दोन्ही टाक्या तिथेच रिकाम्या केल्या. तेव्हापासून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही. मीटर घेण्याची तयारी नसेल तर कॉम्प्रेसर घेऊच नका.

त्याचं सुख कळलं ते ब्रिटिश व्हर्जिन बेटांत, सॉल्ट आयलंडजवळच्या 'ऱ्होन'वर. १८६७ च्या चक्रीवादळात बुडालेलं हे टपाल जहाज दोन तुकड्यांत पडलंय. पुढचा भाग साधारण २५ मीटरवर आहे, प्रोपेलर बराच उथळ. तिथे नांगर टाकायला बंदी आहे, बोट बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणेला, बांधायची. पहिल्या दिवशी खोल भाग पाहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता मागचा. लोखंडावर नारिंगी प्रवाळ इतकं दाटलंय की जहाज कुठे संपतं आणि खडक कुठे सुरू होतो ते शोधत बसावं लागतं. घाई नव्हती, कारण पुढची टाकी आपल्याच हातात होती.

बाकी त्रास आहेत. बोट डोलत असेल तर यंत्र तिरकं होतं आणि तेल नीट फिरत नाही, म्हणून लाटा असल्या की भरणं बंद. खाऱ्या हवेने बोल्ट गंजले, दोन बदलले. आवाज मोठा आहे. शेजारी बोट नांगरलेली असेल तर मी आधी डिंगीने (छोट्या होडीने) जाऊन विचारून येते.

एक नियम आम्ही कधीच मोडला नाही: दोघं पाण्यात असू तेव्हा तिसरं कुणीतरी बोटीवर हवंच. नांगर वाळूतच टाकायचा, प्रवाळावर कधीही नाही. जवळ वाळू नसेल तर बोट लांब ठेवून डिंगीने जायचं.

दोन आठवड्यांच्या सफरीसाठी हे ओझं उचलू नका. महिनोन्‌महिने फिरणार असाल तर घ्या. आम्ही पुढच्या हंगामासाठी फिल्टरची सहा काडतुसं आत्ताच मागवून ठेवली आहेत.