मसाई मारात तीन दिवस, आत फक्त पाच तास दहा मिनिटं

केनियातल्या मसाई मारा या जंगलाच्या सेकेनानी गेटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आमची गाडी उभी होती. दुपारचे पावणेचार झाले होते. एकामागून एक लँड क्रूझर गेटपाशी येत होत्या, ड्रायव्हर उतरून तिकिटाचं काम करून येत होते आणि गाड्या आत शिरत होत्या. ताई गळ्यात दुर्बीण अडकवून, मांडीवर वही उघडून तयार बसली होती. आमचा ड्रायव्हर मात्र कधीचा फोनवर होता. फोन ठेवून तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, आज आत जाऊन काही उपयोग नाही, या वेळी प्राणी झोपलेले असतात, त्यापेक्षा तुम्हाला मसाई लोकांची वस्ती दाखवतो.

ताई हळूच मला म्हणाली, "अरे, उन्हं उतरली की मगच तर सिंह उठतात." मी तिला गप्प केलं. म्हटलं, हा इथला माणूस आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या दुपारी मी तिचं ऐकायला हवं होतं. वस्तीवर माणशी पंचवीस डॉलर घेतले. ते आमच्या कार्यक्रमात नव्हते, तरी दिले आणि अंधार पडायच्या आत कॅम्पवर परतलो. मसाई मारातला आमचा पहिला दिवस असा संपला. आत पाऊलसुद्धा न टाकता.

आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, ताई आणि भावोजी. ताईने सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून माराकडे येणारे दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी मोठी हरणं, त्यांच्याबरोबरचे झेब्रे, मारा नदीतल्या मगरी, हे सगळं ती दरवर्षी मुलांना फळ्यावर नकाशा काढून सांगायची. निवृत्तीच्या पैशांतून तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. जुलै ते ऑक्टोबर हे कळप मारात असतात म्हणून आम्ही ऑगस्ट धरला.

बुकिंग मी केलं, त्यामुळे जबाबदारीही माझीच. नैरोबीतल्या चार-पाच ऑपरेटरांना लिहिलं. बहुतेकांनी माणशी तेवीसशे डॉलरच्या पुढचा आकडा सांगितला. एकाने सांगितला साडेसोळाशे. सहा दिवस, पाच रात्री. दोन अंबोसेलीच्या पार्कात, एक नाकुरू सरोवरापाशी, दोन मसाई मारात. आम्हा चौघांपुरती स्वतंत्र लँड क्रूझर, मुक्काम "माराच्या आत", सगळी प्रवेश-तिकिटं धरून. मेसेजला दहा मिनिटांत उत्तर यायचं आणि तेही इतकं गोड की शंका घ्यायची आपल्यालाच लाज वाटावी. त्यांच्या वेबसाइटवर केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सचं, ज्याला तिथे सगळे 'काटो' म्हणतात, बोधचिन्ह होतं. ते पाहून मी निश्चिंत झालो. काटोच्या स्वतःच्या वेबसाइटवर सभासदांची यादी असते, ती उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाहिली परत आल्यावर. त्यात या ऑपरेटरचं नाव नव्हतं.

अर्धे पैसे आगाऊ मागितले. बँकेचा तपशील आला तो कंपनीच्या नावाचा नव्हता, एका माणसाच्या नावाचा होता. विचारलं तर म्हणाला, कंपनीच्या खात्यावर परदेशातून पैसे यायला वेळ लागतो. कार्डाने भरू का विचारलं, तर पाच टक्के जास्त लागतील म्हणाला. पाच टक्के वाचवायला मी पैसे थेट पाठवले. कार्डाने भरलं असतं तर बँकेकडे निदान वाद मांडता आला असता. स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या खात्यावर पाठवलेल्या पैशांबद्दल बँक काही करू शकत नाही, हे मला नंतर काउंटरवर ऐकावं लागलं.

उरलेले अर्धे नैरोबीत रोख द्यायचे होते. सकाळी साडेसहाला हॉटेलच्या लॉबीत एक मुलगा आला, नोटा मोजून घेतल्या आणि म्हणाला, गाडी बाहेर उभी आहे. बाहेर पांढरी मिनीव्हॅन होती. लँड क्रूझर गॅरेजमध्ये आहे, मारात तुम्हाला तीच मिळेल, असं सांगून तो निघून गेला. ती शेवटपर्यंत मिळाली नाही. व्हॅनचं वर उचलायचं छत एका बाजूने अडकायचं, ते दोरीने बांधून ठेवलं होतं. गाडी खड्ड्यातून गेली की दोरी सैल व्हायची आणि छत भावोजींच्या डोक्याशी यायचं. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उरलेली रक्कम हातातून सोडू नका.

अंबोसेली बरं झालं. पहाटे किलिमांजारो स्वच्छ दिसला, हत्ती पोटभर पाहिले. नाकुरूबद्दल मात्र एक सांगायला हवं. आम्हाला पाठवलेल्या पत्रकात लाखो फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेल्या सरोवराचा फोटो होता. तो फोटो जुना. गेल्या काही वर्षांत नाकुरूचं पाणी खूप वाढलं, त्याचा खारटपणा कमी झाला, फ्लेमिंगो ज्या शेवाळावर जगतात ते घटलं आणि बहुतेक पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे गेले. पार्कचं जुनं मुख्य गेटसुद्धा पाण्यात गेलं. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आम्हाला गेंडे दिसले, आम्ही खूश होतो, पण तो फोटो पाठवणाऱ्याला आपण काय पाठवतोय हे नक्की माहीत होतं.

नाकुरूतून निघताना गाडीत आणखी दोन प्रवासी आले. एक तरुण जोडपं, त्यांच्याही कागदावर "स्वतंत्र गाडी" असंच लिहिलेलं. त्यांचा कॅम्प वेगळा, आमचा वेगळा. आणि आमचा "माराच्या आत"ला मुक्काम निघाला गेटच्या बाहेर, तलेक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. कॅम्प तसा चांगला होता, माणसं प्रेमळ होती, रात्री तरसांचे आवाज यायचे. पण आत असणं आणि बाहेर असणं यातला फरक किती महाग असतो हे तेव्हा मला कळत नव्हतं. तो आता नीट सांगतो, कारण सगळी फसवणूक याच जागी आहे.

मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी संस्थेच्या पार्कांसारखं ते नाही, त्याचं तिकीट वेगळं. पूर्वी हे तिकीट चोवीस तासांचं असायचं. दुपारी तीनला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत चालायचं, म्हणजे एका तिकिटात संध्याकाळची एक फेरी आणि दुसरी सकाळ. २०२४ पासून ते बारा तासांचं झालं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर. म्हणजे दुपारी पोचून दोन तासांची फेरी मारली तरी माणशी पूर्ण दोनशे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे. मुक्काम बाहेर असेल तर निघायच्या दिवशी सकाळी फेरी मारायची म्हटली की तिसऱ्यांदा दोनशे.

आमच्या कागदावर तिन्ही दिवस लिहिलेले होते. चौथ्या दिवशी दुपारची फेरी, पाचव्या दिवशी पूर्ण दिवस, सहाव्या दिवशी पहाटेची फेरी आणि मग नैरोबी. चौघांची तीन दिवसांची तिकिटं म्हणजे २४०० डॉलर. आम्ही एकूण दिले ६६००. मारातली तिकिटं वजा केली की उरलेल्यात अंबोसेली आणि नाकुरूची तिकिटं, पाच रात्रींची राहणी, जेवण, गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर बसवायचे. ते बसतच नाहीत. मी हा हिशेब घरी कागद-पेन्सिल घेऊन केला असता तर साडेसोळाशेचा आकडा पाहताक्षणी कळलं असतं की यातलं काहीतरी आम्हाला मिळणार नाही. मी मात्र त्याला स्वस्त म्हणालो.

पाचव्या दिवशी आम्ही सहाला तयार होतो. गाडी आली साडेसातनंतर, कारण आधी त्या जोडप्याला त्यांच्या कॅम्पवरून घ्यायचं होतं. गेटमधून आत शिरलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. तरी गवत पाहून ताईचे डोळे भरले. नजर जाईल तिथवर विल्डबीस्ट, ओळीने चाललेले, मध्येच थबकणारे, पुन्हा चालू लागणारे. एका झुडपाखाली सिंहीण आणि तिचे दोन बच्चे दिसले. एक बच्चा आईच्या शेपटीचं टोक पकडायचा, ते सुटलं की गवतात लोळायचा. ताईने वहीत वेळ लिहिली, नऊ पंचवीस. तिथे आम्ही सात-आठ मिनिटं थांबलो असू. ड्रायव्हर सारखा काट्याकडे पाहत होता, डिझेलच्या.

नदीकडे कधी जायचं, असं ताईने विचारलं. तो म्हणाला, नदी इथून लांब आहे, आज कळप ओलांडत नाहीयेत. ओलांडण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे आम्हालाही माहीत होतं. कळप काठावर तास न् तास उभे राहतात आणि परत फिरतात. पण नदीच्या काठावर उभं राहायला तर मिळायला हवं होतं. बाराच्या सुमारास गाडी वळली आणि दोनच्या आत आम्ही गेटबाहेर होतो. जोडप्याला त्या दुपारी नैरोबीकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसवायचं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं एकमेकांची समजूत घालत बसलो. जंगल आहे, प्राणी काय कोणाच्या हातात आहेत, नशिबात होतं तेवढं दिसलं. भावोजी हेच म्हणाले, मीही हेच म्हणालो. हे ऑपरेटर जगतात ते याच वाक्यावर. प्राणी दिसणं न दिसणं नशीब आहे हे खरं. पण गेटच्या आत किती तास असणार हे नशीब नाही, ते तिकीट आहे, ते पैसे आहेत, आणि ते आम्ही भरलेले होते. बिबट्या दिसला नाही म्हणून मी हे लिहीत नाहीये.

सहाव्या दिवशी पहाटे गाडी थेट नैरोबीकडे जाणाऱ्या नारोकच्या रस्त्याला लागली. मी चिडून विचारलं, सकाळच्या फेरीचं काय? ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, फोन काढला आणि मालकाचा मेसेज मला दाखवला. एका दिवसाचे तिकिटाचे पैसे पाठवले आहेत, जास्त डिझेल जाळलंस तर पगारातून कापीन. एवढंच होतं त्यात. मोसम सुरू झाल्यापासून त्याला पूर्ण पगार मिळाला नव्हता. दोन दिवस मी त्याच्यावर धुसफुसत होतो, त्याचं वाईट वाटलं. त्याच्याकडे काल भरलेल्या तिकिटाची पावती होती. ती मी मागून घेतली, आणि तेवढं एकच काम माझ्या हातून नीट झालं.

नैरोबीला पोचल्यावर ताईने वही उघडली. ती शाळेतल्या हजेरीसारखी सगळं लिहिते. मारा, पाचवा दिवस: आत आठ चाळीस, बाहेर एक पन्नास. बाकी दोन दिवसांपुढे नुसती रेघ. तीन दिवसांच्या मारात आम्ही पाच तास दहा मिनिटं होतो.

ऑपरेटरला पावतीचा फोटो, वहीच्या पानाचा फोटो आणि त्याचाच कार्यक्रमाचा कागद पाठवला. न वापरलेल्या दोन दिवसांच्या तिकिटांचे १६०० डॉलर परत मागितले, दुसरं काही नाही. आधी उत्तर आलं की निसर्ग बेभरवशाचा असतो. मग आलं की पुढच्या सफारीवर दहा टक्के सूट देतो. मग उत्तरं बंद झाली. केनियात टूर ऑपरेटरला टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीचा परवाना लागतो. तो नंबर मी आधीच मागायला हवा होता, आता मागितला तर मिळाला नाही. तक्रार लिहून पाठवली आहे. पैसे परत येतील असं मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

माझी मामेबहीण सप्टेंबरात जातेय. तिला मी तीन ऑपरेटरांना एकच मेसेज पाठवायला लावला: मारातल्या प्रत्येक दिवसाचं तिकीट वेगळं दाखवा, पोचायच्या दुपारचं आणि निघायच्या सकाळचं धरलंय की नाही ते लिहा, कॅम्प गेटच्या आत की बाहेर ते लिहा, गाडीचा फोटो नंबरसकट पाठवा, गाइडकडे केनियातल्या गाइड संघटनेचा ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड यातला कोणता बिल्ला आहे ते सांगा, आणि रोज संध्याकाळी तिकिटाची पावती आम्हाला द्या. दोघांनी दिवसवार तक्ता पाठवला. एकाने तर स्वतःहून लिहिलं की पोचायच्या दुपारी दोनशे डॉलर घालवू नका, त्या दिवशी उशिरा निघा आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला आत चला. तिसऱ्याने लिहिलं, काळजी करू नका मॅडम, सगळं धरलंय. त्याला तिने उत्तर दिलं नाही.