कोल्हापुरातलं लॉ सीईटी पॅकेज: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे देऊ नयेत

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना राजारामपुरी, शाहूपुरी भागात तीन वर्षांच्या एलएलबीसाठी जी पॅकेजेस विकली जातात, त्यांत साधारण तीन गोष्टी असतात: टेस्ट सिरीज, ‘तुमचे चान्सेस किती’ हे सांगणारा प्रेडिक्टर आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म भरून देणं. जाहिरात प्रेडिक्टरची होते. नेमका तोच भाग सगळ्यांत कच्चा आहे.

पर्सेंटाइल आणि प्रवर्ग टाकला की कॉलेजांची नावं हिरवी, पिवळी, लाल होऊन समोर येतात. आत असते ती प्रवेश परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी, जी कुणालाही फुकट मिळते. ती नुसती चाळून दिली म्हणून अंदाज खरा ठरत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार एक तुकडी ६० जागांची. भटक्या जमाती-ब प्रवर्गाचं आरक्षण अडीच टक्के, म्हणजे हिशेबाने दीड जागा, प्रत्यक्षात एक किंवा दोन. तिथे वरच्या एका मुलाने पुण्याला जायचं ठरवलं तरी कट-ऑफ धाडकन खाली येतो. अशा ठिकाणी ‘८५ टक्के शक्यता’ असा आकडा दाखवणं ही शुद्ध दिशाभूल आहे. एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजासाठीचं, १० टक्के आरक्षण २०२४ च्या कायद्याने आलं. त्यामुळे २०२३ च्या यादीवर चालणारा प्रेडिक्टर मराठा विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गात टाकून चुकीचं चित्र दाखवतो. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सहा जिल्ह्यांचं काम इथे आल्यावर शहाजी लॉ कॉलेजसारख्या १९३३ पासून चालत आलेल्या संस्थेकडे मुलांचा ओढा जुन्या आकड्यांइतकाच राहील, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

पण खरं नुकसान होतं ते फॉर्ममधल्या कॉलेजांच्या पसंतीक्रमात. प्रेडिक्टर बघून ‘सेफ’ कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायचा सल्ला दिला जातो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा गोठते आणि पुढच्या फेरीचा रस्ता बंद होतो. म्हणजे पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचा कट-ऑफ दुसऱ्या फेरीत तुमच्यापर्यंत उतरला तरी उपयोग शून्य. उलट अवघड कॉलेज वर टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी तिळमात्र कमी होत नाही. वरचं मिळालं नाही तर गुणवत्ता क्रमांकानुसार खालचा पर्याय तपासला जातोच. म्हणून क्रम लावायचा तो इच्छेचा, शक्यतेचा नाही. शक्यता बघायची ती फक्त यादी खाली कुठपर्यंत न्यायची हे ठरवायला. मागच्या दोन वर्षांच्या याद्या घ्या, आपल्या प्रवर्गाची ओळ पाहा, पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरक वहीत उतरवा. एका संध्याकाळचं काम आहे. फार जुने आकडे मात्र घेऊ नका, कारण जुन्या याद्या गुणांवर आहेत, आणि गुण व पर्सेंटाइल एकमेकांशी ताडता येत नाहीत. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तुमच्या सत्रातले साधारण ९० टक्के परीक्षार्थी तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

टेस्ट सिरीजचे पैसे द्यायला हरकत नाही, पण आधी एक नमुना पेपर मागून बघा. आताचा पेपर १२० प्रश्नांचा आणि १२० मिनिटांचा आहे: इंग्रजी ४०, सामान्यज्ञान ३२, कायदेविषयक कल २४, तर्क २४. १५० प्रश्नांचा संच पुढे केला, तर तो जुना माल समजा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जी सिरीज चुकीला गुण कापते ती मुलांना उगाच भित्रं बनवते. कायद्याच्या भागात अजून भारतीय दंड संहितेची कलमं विचारली जात असतील, तर १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतर त्या संचाला कुणी हात लावलेला नाही हे ओळखा. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीच्या ४० प्रश्नांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. एक तृतीयांश पेपर तिथे आहे, आणि बहुतेक सिरीज याच भागात तोकड्या पडतात.

फॉर्म भरून देण्याची सेवा मात्र आम्ही मनापासून सुचवू, अट एकच: तिथला माणूस कागद वाचणारा हवा. सीईटीची नोंदणी आणि कॅपची नोंदणी वेगवेगळी असते. पहिली केली म्हणजे झालं, असं समजून दरवर्षी चांगले गुण असलेली मुलं बाहेर राहतात. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गासाठी ४२, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं रूपांतर पत्र आधीच काढून ठेवा. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर प्रवेश अडतो, हे पैसे घेण्याआधी सांगणारा माणूस प्रामाणिक समजावा. नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे का, जातवैधता प्रमाणपत्र हातात आहे का, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, या तीन गोष्टी तुमच्यासमोर तपासायला सांगा. सहाव्या सेमिस्टरला विषय राहिला असेल तर पर्सेंटाइल कितीही असो, जागा टिकत नाही.

फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. दुकानदाराचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि पसंतीक्रम बदलायच्या शेवटच्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग लागलेली असते.