डावा हात बुडतो कुठे? बाखच्या सहा ट्रिओ सोनाटांची रेकॉर्डिंगं

कालिदास कलामंदिरात संगीत नाटकाला बसणाऱ्याला ऑर्गन म्हटलं की पायाने भाता चालवायची मोठी पेटी आठवते. जर्मन संगीतकार बाखचा ऑर्गन वेगळा. नाटकातल्या ऑर्गनमध्ये ओढून घेतलेली हवा पितळी पत्त्या हलवते; चर्चच्या ऑर्गनमध्ये दाबाखालची हवा नळ्यांत सोडली जाते. आणि खरा फरक पायांचा. तिथे पाय भाता मारत नाहीत, पाय वाजवतात. पायाखाली खर्जाच्या पट्ट्यांची वेगळी ओळ असते.

एवढं ध्यानात घेतलं की बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची क्रमसूची) 525 ते 530 या सहा ट्रिओ सोनाटा काय आहेत ते लगेच कळतं. उजवा हात एक व्हायोलिन, डावा हात दुसरं, पाय म्हणजे चेलो. तीन वादकांची बैठक एका माणसाच्या अंगावर टाकलेली. हस्तलिखित 1730च्या आसपासचं, लाइपझिगचं. थोरल्या मुलाच्या, विल्हेल्म फ्रीडमानच्या, रियाजासाठी त्या लिहिल्या असं फोर्केलने 1802च्या बाखचरित्रात म्हटलं आहे. चौथीची (528) पहिली चाल, म्हणजे पहिला भाग, तर बाखने स्वतःच्या 1723च्या 76व्या कँटाटातून (चर्चमधल्या गायन-वादनाच्या रचनेतून) उचललेली. तिथे ती ओबो दामोरे (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि व्हिओला दा गांबा (गजाने वाजवायचं वाद्य) वाजवतात. म्हणजे या सोनाटा चेंबर वाद्यांवर, म्हणजे दोन-चार वादकांच्या छोट्या मेळात, वाजवणं हा नंतरच्यांचा आगाऊपणा नाही, वाट बाखनेच घालून दिली आहे.

नाशिककर गोदावरीचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. इथला मारुती म्हणजे डावा हात. उजवा हात उंच असतो, तो कसाही ऐकू येतो. पाय खाली एकटे असतात. डावा मधे सापडतो: वरून उजव्याचा आवाज, खालून पायांच्या नळ्यांचे उपस्वर, भोवती चर्चची आस, म्हणजे सूर थांबल्यावरही घुमत राहणारा आवाज. तो बुडाला की तिघांची बैठक संपली, उरते ती साथ धरलेली एक धून. म्हणून कुठलंही रेकॉर्डिंग घेण्याआधी फक्त डाव्या हाताच्या मागे लागून ऐकावं. परीक्षेला सहावी (530), तिची पहिली चाल, विवाचे (चपळ लयीची). सुरुवातीला दोन्ही हात एकच सूर एकत्र वाजवतात, मग फुटतात. फुटल्यावर दुसरा आवाज कुठे गेला हे शोधावं लागलं, तर ते रेकॉर्डिंग नापास.

वादकाच्या हातात यावर उपाय असतात. स्टॉप म्हणजे एका पोताच्या नळ्यांचा संच. 8 फुटी स्टॉप लिहिलेला सूर देतो, 4 फुटी एक सप्तक वर, 16 फुटी एक सप्तक खाली. पुष्कळ जण डावा हात 4 फुटी स्टॉपवर ठेवून एक सप्तक खाली वाजवतात: सूर तोच, पण नळ्यांचा पोत उजव्यापेक्षा निराळा. पायाला 16 फुटी जाड स्टॉप लावला की भारदस्त वाटतं खरं, पण चिखल होतो.

ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खाची बाखच्या ऑर्गन रचनांची दुसरी मालिका (आर्किव्ह लेबल, 1956पासून पुढे) या कसोटीला सर्वांत चोख उतरते. ऑर्गन हॉलंडमधल्या अल्कमारचा, मूळ 1645च्या सुमाराचा आणि 1725 साली फ्रान्स कास्पर श्निटगरने नव्याने घडवलेला. वाल्खा तरुणपणीच अंध झालेला. दुसऱ्याकडून एकेक आवाज सुटा वाजवून घ्यायचा, तो पाठ करायचा, मग मनात जुळणी करायची, अशी त्याची पद्धत. ते ऐकू येतं! तिन्ही ओळी तितक्याच महत्त्वाच्या, लय ठाम, सुरांमध्ये बारीक फट ठेवलेली, त्यामुळे आस साचत नाही. टेपची किंचित सरसर आहे. आणि मिजाज थोडा मास्तरांचा आहे. संथ चालींत कुणाला कोरडेपणा जाणवेल. त्याची पहिली मालिका (1947 ते 52) मोनो आहे, ती नंतर ऐकायची.

टोन कोपमनचं 1990च्या दशकातलं टेल्डेकवरचं रेकॉर्डिंग नेमकं उलट. वेग, आनंद, मुरक्यांचा पाऊस. पहिल्या ऐकण्यात हेच आवडतं. पण दोन्ही हातांत एकाच वेळी कंप आणि मुरकी आली की ओळीची कड पुसते, आणि नुकसान डाव्याचं होतं. नवख्याला हे पहिलं देऊ नये.

मारी-क्लेर आलँच्या बाबतीत घोळ वेगळाच. तिने बाखचा सगळा ऑर्गन तीनदा रेकॉर्ड केला: 1959 ते 67, 1975 ते 78 आणि 1985 ते 93. तिन्ही एरातोवर. स्ट्रीमिंगवर शोध घेतला की तिन्ही एकाच नावाखाली येतात, आणि दाखवलेलं साल कधी कधी पुनर्मुद्रणाचं असतं. हवी ती तिसरी, ऐतिहासिक ऑर्गनांवरची. गायकीचा श्वास तिच्याकडे सगळ्यांत जास्त. संथ चालींसाठी पहिली पसंती हीच.

हायपेरियनवरचा क्रिस्टोफर हेरिक स्वित्झर्लंडमधल्या मेट्झलर ऑर्गनांवर वाजवतो. स्वच्छ, चपळ, आवाज डिजिटल काळातला. तक्रार करायला जागा कमी, आठवणीत राहायलाही थोडी कमीच.

चेंबर वाद्यांत दोन नावं. रॉबर्ट किंगने किंग्ज कन्सॉर्टसाठी केलेल्या मांडणीत (हायपेरियन) सोनाटागणिक वाद्यं बदलतात. ओबो आणि व्हायोलिन समोरासमोर आले की डावा हात शोधावाच लागत नाही. पॅलेडियन एन्सेंबलच्या लिनवरच्या रेकॉर्डिंगात बासरीसारखा रेकॉर्डर, व्हायोलिन, गांबा आणि ल्यूट. यात ल्यूट सुरावटींच्या मधल्या जागा भरतो, म्हणजे तिघांच्या बैठकीत चौथा येऊन बसतो. गजामुळे सूर फुगवता-उतरवता येतो, जे ऑर्गनच्या नळीला जमत नाही. गमावतो ते एकच: एका डोक्यातून तिन्ही ओळी निघतात तो ताण. शिकायला मात्र याहून सोपं काही नाही. आधी हे ऐकून ओळी ओळखीच्या कराव्यात, मग वाल्खाकडे जावं.

पेटीवर किंवा तानपुरा अॅपवर सूर ताडून पाहणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. जुन्या वाद्यांचे चमू बहुधा ‘ए’ (पांढरी सहा) 415 हर्ट्झला लावतात, म्हणजे आजच्या 440पेक्षा साधारण अर्धा सूर खाली: पांढरी एक ही पांढरी सातला जाते. उलट जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमधला झिल्बरमानने बांधलेला 1714चा ऑर्गन 476च्या आसपास, तिथे पांढरी एक ही काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लागते. रेकॉर्डिंगचा वेग बिघडलेला नसतो. शिवाय मांडणीकार वाद्याच्या टप्प्यासाठी कधी मूळ पट्टीच बदलतात.

आता घरातलं. मोबाइलच्या स्पीकरवर पायांची ओळ जवळजवळ नाहीशीच होते, ट्रिओचा ड्युएट होतो. त्यावरून मत बनवू नका. 16 फुटी स्टॉपचा सगळ्यात खालचा ‘सी’ सुमारे 33 हर्ट्झचा, आणि शेल्फवरचे छोटे स्पीकर 50च्या आसपासच दम सोडतात. या सोनाटांत ते चालून जातं, बाखच्या पासाकाग्लिया या ऑर्गन रचनेत (582) चालत नाही. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली 10 बाय 12ची खोली घेतली तर भिंतींमुळे 56 आणि 47 हर्ट्झला घुमणं येतं. स्पीकर कोपऱ्यात असेल तर पायाचे दोन-तीन सूर ढोलासारखे वाजतील आणि दोष ऑर्गनवर जाईल. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, सतरंजी घाला, पंखा बंद करा. एप्रिलमध्ये हे शेवटचं कठीण, तेव्हा पहाट बरी. रस्ताही शांत असतो.

तुलना करताना दोन्ही रेकॉर्डिंगांचा आवाज समान करणं अत्यावश्यक, कारण एखादा डेसिबल मोठं असलेलं नेहमीच चांगलं वाटतं. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अॅप ऐकायच्या जागी धरा आणि एका डेसिबलच्या आत आणा. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणारी अॅपची सोय) बंद ठेवा. तो चालू राहिला तर शेवटच्या सुरानंतरची चर्चची आस पुढच्या चालीखाली गाडली जाते, आणि ती आस किती सेकंद टिकते यावरूनच तर डावा हात का बुडाला हे कळतं. पैसे घालण्याआधी नेदरलँड्स बाख सोसायटीचे यूट्यूबवरचे फुकट व्हिडिओ पाहावेत. पाय कुठल्या पट्टीवर पडतात हे डोळ्यांना दिसलं की नंतर नुसत्या कानाने ती ओळ सुटत नाही.