आधी स्केच की आधी हिशोब?

भावा, भिंतीला लावायचं फोल्डिंग टेबल करायचंय आणि आधी मनसोक्त स्केचेस काढू की आधी हिशोब मांडू यात अडकलायस ना, मग दोन्ही एकाच मापानं बघू.

खर्च दोन्हीत किरकोळच. वेळेत मात्र फरक पडतो, स्केचिंगला अख्खी संध्याकाळ जाते आणि ती जाऊ द्यावी, कारण पहिल्याच चित्रावर आकडे टाकले की डोकं तिथंच थांबतं, पुढची आयडिया सुचतच नाही.

खरं बघायचं ते चूक कधी सापडते हे. खाली आधार नसलेली, भिंतीतनं बाहेर आलेली फळी 60 सेंमीची 90 केलीस तर टोकाला तेवढंच वजन ठेवूनही वाक जवळपास 3.4 पट होतो, कारण तो लांबीच्या घनात वाढतो, आणि परत पहिल्याइतका आणायला 18 एमएम जाडीची फळी 27 ची घ्यावी लागते. वहीत हे दोन मिनिटांत कळतं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात माल कापून झाल्यावर कळलं तर पैसे गेलेच.

गिऱ्हाईकानं माप, बजेट, तारीख सगळं ठरवून दिलंय तर सरळ हिशोबानं सुरू कर. आकारच अजून ठरला नसेल तर आधी स्केच, आणि त्यातल्या आवडलेल्या दोन-तीनवरच अंदाज लाव. तुझं टेबल ह्या दुसऱ्यातलं आहे, आज नुसती चित्रं काढ.