सेल्युलर मॉड्यूलचा वीजपुरवठा: एलडीओ, बक की थेट लिथियम सेल?

सेल्युलर मॉड्यूल (उपकरणाला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) चालू होतं, सिम ओळखतं आणि नेटवर्क शोधायला लागताच रीसेट होतं. असं दिसलं की कोड तपासण्याआधी पुरवठा तपासा. टूजीवर प्रक्षेपण करताना सिम८००एल हे मॉड्यूल दर ४.६ मिलिसेकंदांनी ५७७ मायक्रोसेकंदांपुरता २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तेवढ्या वेळातही पिनवरचं व्होल्टेज ३.४च्या खाली जाता कामा नये. वरची मर्यादा ४.४. फक्त एलटीईवर चालणाऱ्या मॉड्यूलचे झटके बरेच लहान असतात, पण टूजी फॉलबॅक (एलटीई नसेल तिथे टूजीवर उतरण्याची सोय) असेल तर हिशोब २ अँपिअरचाच धरा.

इनपुट पक्कं ५ व्होल्ट असेल तर एलडीओ घ्या, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा, कमी ड्रॉपचा लिनियर रेग्युलेटर. एमआयसी२९३०२ या एलडीओला ४ व्होल्टवर बसवा. त्याला किमान १० मिलिअँपिअरच्या आसपास लोड लागतो, म्हणून आउटपुटवर रेझिस्टर द्या. बॅटरीवर चालणाऱ्या आणि बराच वेळ स्लीप मोडमध्ये राहणाऱ्या उपकरणाला हा खर्च परवडत नाही. एलएम१११७ इथे चालत नाही: क्षमता ८०० मिलिअँपिअर, शिवाय ड्रॉप (इनपुट-आउटपुटमधला किमान लागणारा फरक) सव्वा व्होल्टच्या जवळपास. ५ व्होल्टला डायोड जोडून काम भागवणंही टाळा. करंट कमी असताना डायोडवरचा ड्रॉप घटतो आणि मॉड्यूलला ४.४पेक्षा जास्त मिळू शकतं.

इनपुट १२ व्होल्ट असेल तर बकच, म्हणजे स्विचिंग करून व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर. सरासरी ०.३५ अँपिअर धरलं तरी एलडीओत २.८ वॅट नुसती उष्णता होते. इथे एलएम२५९६ हा बक चालतो. ५ व्होल्टवरून ४ काढायला मात्र नाही, कारण पूर्ण लोडवर त्याच्या आतल्या स्विचवरच एक व्होल्टहून अधिक पडतो. बकच्या इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट (ज्याच्या पुढे त्याचं इंडक्टन्स कोसळतं) ३ अँपिअरच्या वर हवा.

थेट लिथियम सेल सर्वांत साधा. अडचण शेवटी येते: संरक्षण सर्किटसह रोध १०० मिलिओहम असेल, तर २ अँपिअरला ०.२ व्होल्ट पडतात. म्हणजे ३.६ व्होल्टला बॅटरी संपली असंच धरायचं. थंडीत त्याहून आधी.

तिन्ही पर्यायांत कपॅसिटर निर्णायक. स्रोत १ अँपिअर देत असेल आणि उरलेला १ कपॅसिटरने ०.३ व्होल्टच्या घसरणीत द्यायचा असेल, तर सुमारे १९०० मायक्रोफॅरड लागतात. लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) २२०० मायक्रोफॅरडचा घ्या, कारण ०.१ ओहम ईएसआर २ अँपिअरला एकटाच ०.२ व्होल्ट खातो. पिनला अगदी लागून १०० नॅनोफॅरड, ३३ आणि १० पिकोफॅरड ठेवा. ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी काढून टाका.

मोजणी ऑसिलोस्कोपवर, मॉड्यूलच्या पिनपाशीच करा: ३.५ व्होल्टवर उतरता ट्रिगर लावून, कमकुवत सिग्नलच्या जागी. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, खड्डा दाखवत नाही.