जप्त केलेला कॅमेरा आणि विकत घेतलेला कॅमेरा: डेटा काढायची वाट कुठली?

टेबलावर वायफाय कॅमेरा आहे आणि त्यातला डेटा बाहेर काढायचाय. युआर्ट (बोर्डाशी मजकुरातून बोलायची सीरियल वाट), जेटॅग (प्रोसेसर आतून तपासायची वाट) की थेट चिप? मी आधी एवढंच बघतो की हा कॅमेरा बिघडला तर दुसरा आणता येईल का. संशोधनात येतो. तपासात जप्त झालेला नग एकच असतो.

दुसरा आणता येत असेल तर युआर्टपासून सुरुवात करा. बोर्डावर ओळीने तीन-चार पॅड दिसतात. मल्टीमीटरने ग्राउंड शोधा, अडॅप्टर ३.३ व्होल्टवर आहे ना ते पाहा. वेग बहुधा ११५२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) असतो. कधी यू-बूटचा (कॅमेरा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) प्रॉम्प्ट मिळतो, कधी थेट रूट शेल, म्हणजे पूर्ण अधिकाराने कमांड द्यायची जागा. पण त्यासाठी कॅमेरा चालू करावा लागतो, आणि चालू झाला की तो लॉग लिहितो, जुनं पुसतो, सर्व्हरशी बोलतो. बंद अवस्थेत हाती आलेल्या पुराव्याशी असं करू नये.

तिथे डेटा साठवणारी फ्लॅश चिप थेट वाचणं बरं. आठ पायांची एसपीआय (मोजक्या तारांवर बोलणारी छोटी) चिप असेल तर नुसती क्लिप लावून भागतं. मात्र क्लिपमधून गेलेली वीज कधीकधी प्रोसेसरलाही जागं करते, आणि दोघं एकदम चिपशी बोलू लागले की वाचन बिघडतं. म्हणून दोनदा वाचून एसएचए-२५६ हॅश (डेटावरून काढलेला ठसा) जुळवायचे. एका बोर्डावर माझे हॅश काही केल्या जुळेनात. भिंगाखाली धरलं तर एका पायावर लॅकरचा पातळ थर! तो खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, आणि पुढची दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली. स्वस्तातला सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं उपकरण) घेणार असाल तर आधी व्होल्टेज मोजा. त्याच्या काही बोर्डांवर डेटा लाइनला ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात.

ईएमएमसी या जास्त साठवणीच्या फ्लॅश चिपचे जोड तिच्या पोटाखाली असतात, त्यामुळे ती बहुधा गरम हवेने उतरवावी लागते. हा मार्ग परतीचा नाही असंच धरून चाला. शिवाय डेटा एन्क्रिप्ट केलेला आणि त्याची किल्ली प्रोसेसरच्या आत असेल, तर उतरवलेल्या चिपमधून काहीच कळत नाही. म्हणून आधी त्याच मॉडेलचा दुसरा नग विकत घेऊन त्यावर हे सगळं करून बघा. या खर्चात काटकसर नको.

जेटॅग मी शेवटी ठेवतो. त्याने रॅमपर्यंत पोचता येतं खरं, पण बाजारात आलेल्या बऱ्याच उपकरणांत तो बंद केलेला असतो.

कॅमेरा चालू स्थितीत मिळाला तर मात्र हा क्रम उलटतो. २०१६ मधला मिराई हा मालवेअर रॅममध्येच राहायचा. रीबूट केलं की गेला. तसा संशय असेल तर प्लगला हात लावू नका. आधी राउटरवर ट्रॅफिक पकडा. मग वीज चालू ठेवूनच युआर्ट जोडा, शेल मिळालं तर चालू प्रोसेसची यादी आणि उघडी कनेक्शन उतरवून घ्या, आणि दिलेली प्रत्येक कमांड वेळेसकट वहीत लिहा. चिपची पाळी त्यानंतर.