घलेगावचा होमस्टे: जेवण एक नंबर, बाथरूम बाहेर आणि मंत्र्यांचा विषय फुकट

नेपाळमध्ये पोखऱ्याला जाणारी आपली मंडळी फेवा तलाव, सारंगकोट, मुक्तिनाथ करून परत फिरतात, घलेगावला कोणी वळत नाही आणि खरं सांगू का, तेच बरंय. लमजुंग जिल्ह्यातलं गुरुंग लोकांचं गाव, साधारण 2100 मीटरवर, डुमरेवरून बेसीसहर आणि तिथून वर जीप. जीपचा रस्ता कंबरेची पार वाट लावतो, पाठीचा त्रास असेल तर विचार करूनच जा.

दगडी घर, साधी खोली, गाद्या पातळ पण रजया जाड. बाथरूम अंगणापलीकडे, रात्री थंडीत उठायचं म्हणजे जिवावर येतं, एक स्टार तिथेच कापला. जेवणाला मात्र तोड नाही, नाचणीचा गरमागरम ढिंडो (उकडीपेक्षा घट्ट), आंबूस गुंद्रुकचा (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा) रस्सा आणि गावठी कोंबडी. सकाळी ढग नसतील तर समोर अन्नपूर्णा आणि लमजुंग हिमाल, असतील तर चहा प्या आणि वाट बघा.

चुलीपाशी बसलं की राजकारण निघतंच. इथले 2025 पर्यंतचे खासदार पृथ्वी सुब्बा गुरुंग, एमाले या कम्युनिस्ट पक्षाचे. माणसाची कारकीर्द बघा, माओवादी युद्ध संपल्यावर जे अंतरिम सरकार आलं त्यात 2007 साली हे पर्यटनमंत्री, मग फेब्रुवारी 2018 मध्ये या प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. तेव्हा प्रदेशाला धड नावही नव्हतं, नुसता 'प्रदेश नंबर 4', गंडकी हे नाव त्याच वर्षी नंतर ठरलं. 60 जणांच्या विधानसभेत गणित बिघडलं आणि जून 2021 मध्ये खुर्ची गेली, पण 2022 ला लमजुंगमधून थेट काठमांडूच्या संसदेत आणि 2024 ला पंतप्रधान ओलींच्या सरकारात संचारमंत्री, वर सरकारचे प्रवक्तेपण!

आणि इथेच गंमत आहे. अशा गावातल्या होमस्टेचं बुकिंग चालतं कशावर, तर व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर. आणि एकेकाळच्या या पर्यटनमंत्र्यांच्याच संचार खात्याने 4 सप्टेंबर 2025 ला नोंदणी केली नाही म्हणून 26 अ‍ॅप बंद करायला लावले, त्यात हे दोन्ही होते. टिकटॉक, व्हायबर वाचले कारण त्यांनी नोंदणी केलेली. आधीच भ्रष्टाचारावर चिडलेली तरुण पोरं रस्त्यावर उतरली, 8 तारखेला एका दिवसात 19 जणांचा जीव गेला, त्याच रात्री बंदी उठवल्याचं यांनाच जाहीर करावं लागलं, दुसऱ्या दिवशी यांचं घर जाळलं आणि ओलींनी राजीनामा दिला. नोंदणीचा नियम असायला माझी हरकत नाही, पण डोंगरातल्या माणसाचा धंदा कशावर चालतो हे लमजुंगच्या खासदाराला कोणी सांगायला हवं होतं का? घर जाळणं मात्र अजिबात पटलं नाही. होमस्टेच्या ताईंना या सगळ्यावर विचारलं तर नुसत्या हसल्या आणि अजून ढिंडो वाढला.

पाचपैकी चार स्टार. जाताना व्हायबर टाकून ठेवा, साधा फोन नंबरही लिहून घ्या, नेपाळी कॅश बेसीसहरलाच काढा. आणि कोंबडी हवी असेल तर दुपारीच सांगा, संध्याकाळी सांगितलं तर डाळभातच मिळेल.